राबाचा सादडा

झाडाला पाटी लागली, झालं एवढंच. गुरुवारी सकाळी साडेदहाला दादाभाऊ नेहमीसारखा संस्थेच्या फाटकाबाहेर मंगलताईंच्या टपरीवर चहाला आला, नेहमीसारखा झाडाला पाठ लावून उभा राहायला गेला, तर पाठीत काहीतरी टोचलं. वळून बघतो तो पत्र्याची हिरवी पाटी, नवीकोरी, चार खिळ्यांनी ठोकलेली. एक खिळा नीट बसला नव्हता, तोच टोचला होता. गेली अकरा वर्षं तो या झाडाला टेकून चहा पीत आला होता, आणि या झाडाला काही नाव असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. मंगलताईंचं आडनाव काय, हे तरी कुठे कधी आलं होतं? पण छापलेलं काही दिसलं की ते वाचल्याशिवाय दादाभाऊच्या गळ्याखाली चहा उतरत नाही. बावीस वर्षं प्रयोगशाळेत बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्यात गेली, त्याची ही खोड. त्याने वाचलं. अर्जुन सादडा. खाली इंग्रजी अक्षरांत शास्त्रीय नाव, आणि ते नाव त्याला अक्षर न् अक्षर ओळखीचं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्रीजमध्ये चाळीस बाटल्या होत्या, त्या प्रत्येकीवर तेच नाव होतं, आणि त्या चिठ्ठ्या त्याने स्वतःच्या हाताने, एकही सुरकुती पडू न देता चिकटवल्या होत्या. मग त्याने खोडाकडे बघितलं. पांढरट, गुळगुळीत, हात फिरवला तर भुकटी हाताला लागेल असं खोड. आणि त्याने आणलेली साल ज्या झाडाची होती ते झाड काळं होतं, चौकटी-चौकटींनी भेगाळलेलं, सुसरीच्या पाठीसारखं. "काय झालं दादाभाऊ, साखर कमी पडली का?" मंगलताईंनी विचारलं. तो नाही म्हणाला आणि अर्धा चहा तसाच ठेवून वर गेला. मंगलताई त्या अर्ध्या पेल्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

दादाभाऊ हा तसा समाधानी माणूस. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे काचेची भांडी धुणं, वाळवणं, साली कुटणं, अर्क गाळणं, चिठ्ठ्या लावणं. धुतलेली काच उन्हाकडे धरून तिच्यावर एकही डाग नाही हे बघताना त्याला जे सुख होतं, ते पुष्कळ मोठमोठ्या लोकांना पगारवाढीतही होत नसेल. आणि गेलं वर्षभर तर त्याच्या समाधानाला एक खास कारण होतं. प्रतिभामॅडमचं संशोधन त्याच्या तळेघरच्या बांधावर उभं होतं. कर्करोगावरचं एक लाल औषध आहे. ते गाठीला मारतं आणि जाता जाता काळजालाही चावा घेऊन जातं. झाडपाल्यात असं काही सापडतं का, की जे त्या औषधाला गाठीपर्यंत जाऊ देईल पण काळजाला हात लावू देणार नाही? मॅडमचा चार वर्षांचा शोध एवढाच होता. पहिल्यांदा त्यांनी बाजारातून अर्जुनाची साल मागवली. काम झालं, पण बेताचंच. मॅडम वैतागल्या. मॅडम इतरांशी नीटनेटकं इंग्रजी किंवा त्याहून नीटनेटकं मराठी बोलत, पण दादाभाऊपाशी त्यांची जीभ सैल व्हायची, कारण त्यांचं माहेर जुन्नर तालुक्यातलं बोरी बुद्रुक, कुकडीच्या काठचं, आणि दादाभाऊ शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या तळेघरचा. आपल्याकडचा माणूस. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "दादाभाऊ, बाजारातल्या सालीचा काय भरवसा न्हाई. तुमच्याकडं सादडा असंल ना?" आणि तो फुशारून म्हणाला होता, "हाय की मॅडम. लई हाय. बांधाबांधाला हाय." "जुना असंल तर बरं." "जुना बी हाय." संपलं बोलणं. त्यांच्या जागी कुणी परका असता तर दहा प्रश्न विचारले असते, फोटो मागवला असता, पान मागितलं असतं. पण दोघांची बोली एक, म्हणून कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही. बोरीत सादडा म्हणजे नदीकाठचा, हे मॅडमना लहानपणापासून ठाऊक. तळेघरला सादडा म्हणजे राबाचा, भाताच्या वाफ्यावर ज्याचा डहाळा भाजतात तो, हे दादाभाऊला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. नदीकाठच्या त्या दुसऱ्याला तळेघरची माणसं पांढरा सादडा म्हणतात, तेही कुणी नाव विचारलंच तर. एरवी तो ओढ्यात उभा असतो आणि त्याची कुणी दखल घेत नाही.

वर आल्यावर त्याने भांडी धुवायला घेतली. नळ सोडला, ब्रश फिरवला, आणि मनात एकेक गोष्ट उलगडत गेली, उलगडली तशी जागेवर बसत गेली. साल आणली तेव्हा ती ओळखू का आली नाही? कारण गावी आईने वरचं काळं कवच खरवडून टाकलं होतं. सरकारी कामाला माल द्यायचा तर साफ करून द्यायचा, असं तिचं मत. आतली साल लालसर, अर्जुनाचीही आतून लालसरच. मग ते झाडाच्या ओळखीचं प्रमाणपत्र? त्याला डहाळी लागते. ती प्राचीने आणली होती, मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या मुलीने, मॅडमच म्हणाल्या होत्या, झाड तेच, मग तळेघरहून डहाळी कशाला, फाटकाबाहेरची घेऊन ये. म्हणजे याच झाडाची, ज्याला तो टेकत होता. आणि यंत्रावरच्या तपासणीत रेषा थोड्या वेगळ्या आल्या, तेव्हा मॅडम कौतुकाने म्हणाल्या होत्या, डोंगरातलं झाड ना, माती वेगळी. हे सगळं त्याच्या देखत झालं होतं, भांडी धुता धुता. त्याच्या हातातली चंचुपात्रं स्वच्छ होत होती आणि त्याला मात्र आपण कुणाच्या तरी घरात चिखलाच्या पायांनी हिंडून आलो आहोत असं वाटत होतं. सोमवारी या कामावरचा निबंध परदेशातल्या मासिकाकडे जायचा होता. शेवटच्या पानावर ज्यांचे आभार मानले होते त्यांत चौथं नाव त्याचं होतं. प्राचीने त्याला पडद्यावर दाखवलं होतं, नावाखाली बोट धरून. त्याने ते इंग्रजीत छापलेलं स्वतःचं नाव तीनदा वाचलं होतं आणि एकदाही आपलं वाटलं नव्हतं. तरी त्या दिवशी घरी जाताना त्याने स्वतःसाठी पावशेर पेढे घेतले होते.

पण नाव जाईल याचं त्याला तितकंसं वाटत नव्हतं. नाव काय, आज आहे उद्या नाही. त्याला वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ती गोष्ट आठवली की त्याचा ब्रश थांबायचा. गेल्या श्रावणात प्राचीने त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं होतं. "काका, बघा." उंदराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलांच्या काळजातल्या पेशी, काचेच्या थाळीत वाढवलेल्या. त्याने डोळा लावला. आधी काहीच दिसेना, मग दिसलं आणि तो दचकून मागे सरला. पेशी उडत होत्या. एका ठेक्यात, सगळ्या मिळून, छातीबाहेर, काचेवर. काळीज नव्हतं, शरीर नव्हतं, तरी धडधड होती. मग प्राचीने दुसरी थाळी ठेवली, लाल औषध घातलेली. तिथे सगळं शांत. एखादीच पेशी कुठेतरी कोपऱ्यात आचके दिल्यासारखी हलायची. आणि मग तिसरी, लाल औषध आणि तळेघरच्या सालीचा अर्क, दोन्ही घातलेली. तिथे धडधड होती. थोडी मंद, पण ठेका धरलेली. "ही तुमची साल, काका," प्राची म्हणाली.  तो पायजम्याला हात पुसत गच्चीवर गेला आणि पाण्याच्या टाकीमागे उभा राहून रडला, चांगलं पोटभर.

कारण ते लाल औषध त्याच्या ओळखीचं होतं. पाच वर्षांपूर्वी उज्ज्वलाला, त्याच्या बायकोला, छातीत गाठ निघाली, तेव्हा ती आठ महिने पुण्यात त्याच्या एका खोलीत येऊन राहिली होती, आणि दर तीन आठवड्यांनी तिच्या शिरेत ते लाल औषध जायचं. पहिल्या वेळी घरी आल्यावर ती मोरीतून ओरडली होती, "आवं, रगत चाललंय!" आणि तो तसाच पायांत चपला न घालता रिक्षा बघायला पळाला होता. परिचारिका फोनवर हसली. म्हणाली, औषधाचाच रंग तो, घाबरू नका. गाठ गेली. पण चौथ्या वेळेनंतर उज्ज्वलाला जिना चढता येईना. डॉक्टरांनी काळजाची सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पंपिंग बासष्ट होतं ते बेचाळीसवर आलंय. बेचाळीस. त्या आकड्याचा अर्थ काय हे त्याला नीट कळलं नव्हतं, पण बासष्टमधून बेचाळीस गेले की वीस उरतात एवढं कळत होतं, आणि ते वीस कुठे गेले, कुणी नेले, हे विचारायला जागा नव्हती. उज्ज्वला म्हणजे तळेघरच्या त्या वाडीत सादड्यावर चढून राब तोडणारी एकटी बाई. लोक दादाभाऊला चिडवायचे, बायको झाडावर आणि नवरा खाली मोळ्या बांधतोय म्हणून. त्यालाही त्यात काही कमीपणा वाटायचा नाही. ती वर जाऊन कोयता चालवायला लागली की खालून तिचे फक्त तळपाय दिसायचे, भेगा पडलेले, फांदीला घट्ट धरलेले. मग तिच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन वर्षांनी पंपिंग अठ्ठेचाळीस झालं, मग बावन्न. ती गावी परत गेली. सावकाश चालायची, मधे थांबायची, हसायची. जे आहे ते चांगलं आहे असं दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. आणि त्यात ही तिसरी थाळी. आपल्या बांधावरच्या झाडाने त्या लाल औषधाला अडवलं. उज्ज्वलाच्या कामी नाही आलं, पुढच्या कुणाच्या तरी येईल. त्याने मॅडमना एकदाच विचारलं होतं, तिला थोडा काढा दिला तर? मॅडम एकदम कडक झाल्या. "अजिबात न्हाई. हे काचेतल्या पेशींवर आहे, माणसावर न्हाई. त्यांच्या गोळ्या चालू आहेत, त्यात काय मिसळायचं न्हाई." त्याने ऐकलं. फक्त सालीचा एक पुडा गावच्या ट्रंकेत ठेवून दिला होता, खाली, लग्नातल्या शालूच्याही खाली. कधीतरी मॅडम हो म्हणतील तेव्हासाठी.

शुक्रवारी तो कुणाशी काही बोलला नाही. मॅडम दोनदा समोरून गेल्या, एकदा तर थांबून म्हणाल्या, "दादाभाऊ, सोमवारी पेढे आणा बरं का, तळेघरचा सादडा विलायतेला निघाला." त्याने मान हलवली. सांगायचं तर काय सांगायचं? की मॅडम, तुमची चार वर्षं मी एका शब्दात घालवली? आणि नाही सांगायचं तर? तर मासिक छापील, कुणी वाचील, कुणी नदीकाठच्या पांढऱ्या सादड्याची साल काढील, आणि जे काळ्याने केलं ते पांढऱ्याकडून करून घ्यायला बसेल. होणार नाही. मग म्हणतील, पुण्याच्या त्या बाईंनी खोटं लिहिलं. आणि कुठेतरी कुणाच्या तरी बायकोचं पंपिंग बेचाळीसवर येईल. पुन्हा मनाची दुसरी बाजू म्हणे, तू कोण एवढा? तू भांडी धुणारा. ज्यांनी बघायचं त्यांनी प्रमाणपत्र बघितलंय, शिक्का आहे त्यावर. असं दिवसभर चाललं होतं. संध्याकाळी त्याच्या हातून एक नरसाळं फुटलं. बावीस वर्षांत फुटलेली ती तिसरी काच.

शनिवारी तो भीमाशंकरच्या गाडीत बसला. मंचर गेलं, घोडेगाव गेलं, डिंभ्याचं पाणी उजवीकडे लागलं तसा वारा बदलला आणि त्याच्या खांद्यांतला ताठा जरा उतरला. दर शनिवारी हे व्हायचंच. आज इतकं मनात असूनही झालं, याची त्याला थोडी लाजच वाटली. तळेघरला उतरून वाडीपर्यंत पाऊण तास पायी. फाल्गुनाचं ऊन होतं, पण डोंगरातलं, चटका नसलेलं. बांधाबांधाला सादडे उभे होते आणि बहुतेकांच्या फांद्या छाटून झाल्या होत्या. शेंडा तेवढा राखायचा, बाकीचा डहाळा उतरवायचा, वाळवायचा, आणि भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर पसरून भाजायचा. राख झाली की त्या मातीत रोप असं येतं की विचारू नका. लहानपणी राब भाजला की तो आणि त्याची बहीण राखेत हात घालून बघायचे, अजून ऊन आहे का. दरसालचं हे. दर साली सादडा बोडका व्हायचा, आणि दर साली आषाढात बघावं तर पुन्हा पानांनी भरलेला. या झाडाचा कुणी विचारच केला नव्हता. मीठ संपल्यावरच त्याची आठवण होते, तसं. दादाभाऊच्या वाफ्याच्या कडेला मात्र एक सादडा अंगभर फांद्या घेऊन उभा होता, आडदांड, शेजारच्या बोडक्यांमधे जरा बेशरमच दिसणारा. हाच तो. पाच वर्षं त्याला कोयता लागला नव्हता, कारण चढणारी आजारी होती, आणि दादाभाऊला उंचीची भीती वाटते हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. गेल्या साली साल काढली ती याचीच, एका बाजूची. जखम आता भरत आली होती. त्याने काळ्या, भेगाळलेल्या खोडावर हात ठेवला. उन्हाने कोमट झालेलं होतं.

अंबाबाई, त्याची आई, अंगणात नाचणी पाखडत होती. त्याने पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "आये, गेल्या साली मी कंच्या झाडाची साल मागितली व्हती?"

"सादड्याची," ती सूप न थांबवता म्हणाली.

"आन तू दावला त्यो?"

"सादडाच. दुसरा काय दावू? तू म्हनला सादडा, मी सादडा दावला." मग तिने सूप थांबवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. "का रं? किडकी निघाली व्हय?"

"न्हाई. त्यांना पांढरा पायजे व्हता."

"पांढरा?" म्हातारी हसायला लागली. "व्हळातला? त्यो कोन न्हेतो? त्याचा राब बी व्हत न्हाई धड. मॅडमला म्हनावं, पांढरा पायजे तर पांढरा म्हना की. आमाला काय सपान पडतंय?" आणि तिने पुन्हा पाखडायला घेतलं. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. तिने माल दिला होता तो साफ करून दिला होता.

उज्ज्वला मागच्या पडवीत भाकऱ्या थापत होती. तो तिच्यासमोर पाटावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं, पाटीपासून नरसाळ्यापर्यंत.  ती ऐकता ऐकता भाकरी उलटायची, उतरवायची, पुढचा गोळा घ्यायची. चुलीच्या उजेडात तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, हिला बरं वाटतंय. ओठ निळसर दिसत नाहीयेत. शेवटी तो म्हणाला, "समदं खोटं ठरलं, उज्ज्वला. ती धडधड बी खोटी ठरली."

"ती कशी खोटी ठरंल?" ती म्हणाली. "तुमी डोळ्यांनं बघितली न्हवं?"

"बघितली. पर झाड दुसरंच—"

"आवं, त्या पेशींना लिवता-वाचता येतंय व्हय? त्यांनी कुटं बाटलीवरली चिट्टी वाचली? त्यांच्या पोटात जे ग्येलं त्याच्यावर त्या उडाल्या." तिने भाकरी तव्यावर टाकली. "चिट्टी चुकली. चिट्टी लावनार कोन? तुमी. मंग बदला की."

 तीन दिवस तो ज्या गाठीभोवती फिरत होता ती तिने पीठ मळता मळता सोडवली होती, आणि पुन्हा वर "मीठ द्या जरा तिकडलं" असंही म्हणाली होती. मग त्याला ट्रंकेतला पुडा आठवला. हिने हळूच काढा करून घेतला तर नसेल? त्याने विचारलं. उज्ज्वलाने जीभ चावली. "त्यो पुडा? त्यो मी सरपान वलं व्हतं तवा चुलीत घातला. शालू काडायला ग्येले तर खाली ह्यो कचरा. लई बेस पेटला."

"आगं, त्यो तुझ्यासाटी ठिवला व्हता."

"माजं काळीज गोळ्यांवर चाललंय, सालीवर न्हाई," ती म्हणाली, आणि मग त्याचं तोंड बघून तिला राहवेना. ती हसायला लागली, हसता हसता दम लागला, थांबली, छातीवर हात ठेवून दम खाल्ला, आणि पुन्हा हसली. तोही हसला. किती दिवसांनी तो असा हसत होता, आणि तेही आपली एवढी जपलेली आशा भाकरीखाली जळून गेली म्हणून. पण त्याला खरोखर बरं वाटत होतं, हे काही नाकारता येत नव्हतं.

रविवारी परत निघताना त्याने त्या न तोडलेल्या सादड्याची एक डहाळी घेतली, खालच्या फांदीची, हात पुरेल तेवढीच. पाच पाखांची वाळकी फळं होती तिला, आणि दोन-चार पानं अजून टिकलेली. ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून त्याने ती पुण्याला आणली. शेजारचा प्रवासी म्हणाला, पावणं, देवाला का? तो म्हणाला, हो.

सोमवारी सकाळी नऊला त्याने डहाळी मॅडमच्या टेबलावर ठेवली. संगणक उघडा होता, निबंध पडद्यावर होता, प्राची बाजूला उभी होती. उभ्या उभ्याच त्याने सांगून टाकलं. "मॅडम, साल ह्याची व्हती. आमच्याकडं ह्यो सादडा. राबाचा. तुमचा त्यो फाटकाभायेरचा, त्याला आमी पांढरा म्हंतो. मला गुरवारी पाटी वाचून कळलं. शुकरवारी सांगायचं व्हतं, धीर झाला न्हाई."

प्रतिभामॅडमनी डहाळी उचलली, पान उलटं केलं, फळ बोटांत फिरवलं.  प्राचीच्या तोंडून एकच शब्द निघाला, "ऐन?" पुस्तकात राबाच्या सादड्याचं नाव ते, आणि तिचे डोळे भरून आले. तिचा प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता. ती खोलीबाहेर निघून गेली आणि पुढचे बारा दिवस ती दादाभाऊशी एक अक्षर बोलली नाही. धुतलेली भांडी त्याच्या हातून न घेता टेबलावरून उचलायची. त्याला ते लागलं, पण त्याने मनावर घेतलं नाही. तिचा हक्क होता तो.

"राबाला?" मॅडमनी शेवटी विचारलं. त्याने राब सांगितला. छाटणं, वाळवणं, भाजणं, पुन्हा फुटणं. मॅडम ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडत गेलं. "आमच्या बोरीत राब न्हाई करत," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्याकडं पाट आहे, कांदा आहे. सादडा म्हंजी नदीतला. आम्ही पोरं त्याच्या मुळांवर बसून पाय सोडायचो पाण्यात. मी तोच डोळ्यांपुढं धरला. तुमाला विचारलंच न्हाई." मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. "डहाळी मी फाटकाबाहेरची दिली. तुमी झाड दिलं. दोघांनी मिळून केलंय हे, दादाभाऊ. एकट्यानं अंगावर घेऊ नका." त्यांनी पडद्यावरचा निबंध मिटला. पाठवला नाही. सहा महिने, कदाचित आठ, सगळं पहिल्यापासून, या वेळी दोन्ही झाडं समोरासमोर ठेवून. हे त्या स्वतःशीच मोजत बोलत होत्या, आणि आवाजात थकवा होता, पण डहाळी त्यांच्या हातातून सुटत नव्हती. "हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन. सगळे चुलतभाऊ," त्या म्हणाल्या. "ह्याच्याकडं एवढं बघितलंच न्हाई कुणी. रोज दिसतो म्हणून."

मग त्यांनी ड्रॉवरमधून कोरी चिठ्ठी काढली, पेनाचं टोपण काढलं, आणि पेन त्याच्यापुढे धरलं. बावीस वर्षं तो चिठ्ठ्या लावत होता, लिहायचं दुसऱ्यांनी. "तुमीच लिहा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं काय म्हंतात ते आधी. शास्त्रीय नाव मी खाली टाकते." त्याने हात पायजम्याला पुसले. अक्षर सुवाच्य आलं. सादडा, राबाचा. तळेघर. बांधावरचा. दाखवणारी अंबाबाई. "झाडाबद्दल आणखी काय विशेष?" मॅडमनी विचारलं. "वय, जागा, काय असंल ते. साल कशामुळं चांगली निघाली हे कुणाला म्हाईत." तो थांबला. मग त्याने लिहिलं: पाच वर्षे न तोडलेला. मॅडमनी वाचलं. "पाच वर्षं का बरं न्हाई तोडला?" "चढनारी आजारी व्हती," तो म्हणाला. मॅडमना सगळं माहीत होतं.  त्यांनी खाली शास्त्रीय नाव लिहिलं आणि चिठ्ठी त्याच्याकडे दिली. त्याने ती डहाळीला बांधली, दोऱ्याची गाठ दोनदा मारून.

साडेदहाला तो चहाला खाली आला. पाटीचा वर आलेला खिळा त्याने मंगलताईंच्या बत्त्याने ठोकून आत बसवला आणि पांढऱ्या सादड्याला पाठ लावून उभा राहिला. या झाडावर त्याचा काही राग नव्हता. फोन वाजला. उज्ज्वला होती. "सांगितलं?" तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं, चिठ्ठीवरचंही पाठ म्हणून दाखवलं, एकेक शब्द सावकाश.  पलीकडून तिच्या श्वासाचा आवाज आला, जरासा फुललेला, पण दमलेला नाही, आणि तिच्यामागे कुठेतरी अंबाबाई ओरडून काहीतरी सांगत होती.

"आवं," उज्ज्वला म्हणाली, "शेवटली ओळ चुकली तुमची."

"कशी?"

"आत्ता सकाळी म्या तोडला त्येला. चडले न्हाई, घाबरू नका. खालच्या दोन फांद्या, भुईवर हुबी राहून. दोन मोळ्या झाल्या. एक तर मीच उचलून ठिवली वाफ्यावर."

दादाभाऊने चहाचा पेला टपरीवर ठेवला. नवीकोरी चिठ्ठी, शाई अजून नीट वाळलीही नसेल, आणि चुकली. बावीस वर्षांत चुकीच्या चिठ्ठीचा त्याला इतका आनंद कधी झाला नव्हता. "काय झालं, आज तरी साखर बरोबर आहे ना?" मंगलताईंनी विचारलं. त्याला हसू आवरेना. त्याने पेला उचलला, तळाला राहिलेला चहा संपवला, आणि मॅडमकडून पेन मागून घ्यायला तो जिना चढू लागला.